आपट्याची टपरी आणि गोनीदा

आमच्या ग्रुपला नाव नाही. व्हॉट्सॲपवर ‘रविवार’ एवढंच लिहिलंय. दसरा झाला की पहिल्या रविवारपासून सुरू होतं आणि सबमिशनचा फास आवळेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. दहा-बारा जण, कधी पंधरा. कर्नाळा, माणिकगड, सांकशी, इर्शाळ, प्रबळ... आपट्याभोवती एवढे डोंगर आहेत की दर रविवारी नवा घेतला तरी सेमिस्टर पुरत नाही. आणि कुठलाही डोंगर असो, शेवट ठरलेला. आपटा स्टेशनजवळची टपरी, कटिंग चहा, गरम वडापाव आणि रोह्याकडून येणाऱ्या गाडीची वाट बघणं. मी आपट्याचाच, त्यामुळे मला गाडी पकडायची नसते, पण टपरीवर मी शेवटपर्यंत थांबतो. ट्रेकचा खरा भाग तोच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे!

(आपटा स्टेशन म्हटल्यावर ज्यांना फक्त १९९५ चा शाहरुख, धावती ट्रेन आणि काजोलचा हात आठवतो त्यांना सांगतो, हो, तेच स्टेशन. सरसोची शेतं मात्र इथे नाहीत. इथे भात पिकतो. आणि दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात तो आपटा आमच्या गावात फार आहे का, हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नये.)

आमचा एक सिनियर सध्या इंग्लंडमध्ये शेफील्डला एम.एस. करतोय. मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. तिकडेही रविवारी घोळक्याने चालायला जातात म्हणे. शहराबाहेर बसने जायचं, मग झाड नाही, झुडूप नाही, नुसता गवताळ, ओलसर, जांभळट माळ. त्याला ते मूर म्हणतात. आपल्याकडच्या सड्याचा थंडीने गारठलेला भाऊ समजा. पाच-सहा तास वाऱ्यात चालायचं आणि शेवटी एखाद्या खेड्यातल्या पबमध्ये जाऊन शेकोटीपुढे चिखलाचे बूट वाळवत बसायचं. त्याला तिथे बसल्यावर आपट्याची टपरी आठवली, म्हणून फोन. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. ही माळरानं पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होती. २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चारेकशे कामगार पोरंपोरी मुद्दाम घुसली, नुसतं चालायला! पाच जणांना त्यापायी तुरुंगवास झाला. आणि १९५१ मध्ये तोच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. चालण्यासाठी जेलमध्ये जाणारी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मला गोनीदा आठवले. आता गोनीदा का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२०२२ ची दिवाळीची सुट्टी. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच गेलो होतो, इर्शाळगडावर. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना मोरबे धरणाच्या मागे जो सुळका दिसतो तो. वर नेढं आहे, वारा असा येतो की टोपी गेली म्हणजे गेलीच. नानिवलीतून चढायला लागलं की वाटेत इर्शाळवाडी. ठाकरांची वाडी, वर गाडीरस्ता नाही, सगळं पायी. उतरताना आम्ही एका घराच्या पडवीत बसलो. एका आजीने चुलीवरचा काळा चहा दिला, मग तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आजी काहीतरी विचारत होती, कुठला, कुणाचा, आई काय करते. मी हो-हो करत मोबाईलवर फोटो बघत होतो. निघताना कुणीतरी पैसे दिले. ग्रुपवर फोटो टाकताना मी खाली लिहिलं, इर्शाळवाडी, बेस्ट फूड स्टॉप.

१९ जुलै २०२३ च्या रात्री पावसात डोंगर त्या वाडीवर आला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत, शेवटी शोध थांबवला. वर जेसीबी नेता येत नव्हता, माणसांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. आमच्या ग्रुपमधले दोघे सिनियर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन वर गेले होते. मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो आणि एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. त्या आजीचं नाव काय होतं? मला माहीत नव्हतं. ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पेपरात यादी आली तेव्हा मी ती वाचली, पण नाव माहीत नसलेल्या माणसाला यादीत कसं शोधणार? ती वाचली की गेली हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर महिनाभर कुणी रविवारचं नाव काढलं नाही. ऑगस्टमध्ये मी इथे डायरेक्ट सेकंड इयरला आलो. कॉलेजच्या लायब्ररीत मराठीचं एक कपाट आहे, तुमच्यापैकी नव्वद टक्के लोकांनी ते पाहिलेलं नसणार (ॲप्लाइड मेकॅनिक्सच्या मागे, खिडकीपाशी). तिथे मला ‘जैत रे जैत’ सापडलं. लेखक गो. नी. दांडेकर. सिनेमा माहीत होता, गाणी तर पाठच होती. कर्नाळ्याचा डोंगर आणि ठाकर म्हणून उचललं. आपल्या घरामागचा डोंगर पुस्तकात असतो याची गंमत वाटली, एवढंच. दोन रात्रींत संपलं. मग त्या माणसाचं मिळेल ते वाचत सुटलो.

गोपाळ नीळकंठ दांडेकर. जन्म ८ जुलै १९१६, विदर्भातलं परतवाडा. लोक गोनीदा म्हणायचे, जवळचे आप्पा म्हणायचे. शिक्षण? सातवी! तेरा-चौदाव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीचं वारं लागलं आणि पोरगं घर सोडून पळालं. आपण त्या वयात स्कॉलरशिपच्या क्लासला जात होतो. मला हे वाचताना आधी भारी वाटलं आणि मग त्याच्या आईचा विचार आला. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात त्यांनी ही सगळी वर्षं लिहिली आहेत, आणि ते पुस्तक हिरोगिरीचं नाही. उपाशी राहणं, फसणं, माणसं भेटणं, माणसं सुटणं असंच बरंचसं आहे. या पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सातवी पास माणसाला! आमच्या व्हायव्हाच्या एक्स्टर्नलना कुणीतरी हे सांगा.

पळून गेलेलं हे पोरगं पुढे गाडगे महाराजांबरोबर राहिलं. म्हणजे गावोगाव जायचं, दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. बाबांचं नाव आज स्वच्छता अभियानाला असतं, आपण एन.एस.एस.मध्ये त्यांच्या फोटोला हार घालतो आणि हार घातलेल्याचा फोटो काढतो. गोनीदांनी त्यांच्या हाताखाली खरोखर झाडू मारला. पुढे त्यांनी बाबांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ लिहिलं. मला वाटतं, कुणाच्याही दारात जाऊन बसण्याचा आणि तिथलं होऊन जाण्याचा जो गुण त्यांच्यात पुढे दिसतो, त्याची इंटर्नशिप इथे झाली.

मग वेदान्ताचा अभ्यास, औंधला पंडित सातवळेकरांकडे काम, आणि मधे सगळ्यात मोठं चालणं, नर्मदा परिक्रमा. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. एका काठाने जायचं, दुसऱ्याने परत यायचं, नदी कुठेही ओलांडायची नाही. म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर, पायी, मागून खात. शूलपाणीच्या जंगलात परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घ्यायचे, ही तिथली जुनी रीतच. या अनुभवातून त्यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली, १९५७ साली. गूगल मॅप नाही, पॉवर बँक नाही. आमच्यातला एक जण माणिकगडच्या पठारावर नेटवर्क गेलं म्हणून रडवेला झाला होता (नाव घेत नाही, तो संपादक मंडळात आहे).

स्वातंत्र्यानंतर गोनीदा तळेगाव दाभाड्याला स्थायिक झाले आणि त्यांनी ठरवलं की आता फक्त लिहून जगायचं. नोकरी नाही. हे आजच्या काळातही घरी सांगून बघा, काय होतं ते! संसार होता, मुलगी होती. (तीच पुढे डॉ. वीणा देव. वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्यांनी कुटुंबासह गावोगाव केलं. २०२४ मध्ये त्या गेल्या. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी ही गोनीदांची नात.) मराठीत लिहून घर चालवायचं तर खूप लिहावं लागतं, आणि त्यांनी खूप लिहिलं. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, मुलांसाठी गोष्टी. सगळंच सारखं उतरलंय असं मला वाटत नाही. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांपैकी दोन मी अर्ध्यावर सोडल्या. भाषा मला जरा जास्तच सजवलेली वाटली, आणि सगळी माणसं एकाच सुरात बोलतात. गोनीदाभक्तांनी माफ करावं.

पण जिथे ते आपल्या काळातल्या खेड्यात शिरतात तिथे गोष्टच वेगळी. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत, ‘पडघवली’ कोकणात, ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळात. प्रत्येक ठिकाणची बोली वेगळी, शिव्या वेगळ्या, झाडांची नावं वेगळी. ही बोली पुस्तकातून शिकता येत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी पडवीत बराच वेळ बसावं लागतं आणि मोबाईल खिशात ठेवावा लागतो. सिव्हिलवाल्यांसाठी खास माहिती : भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर त्यांची एक अख्खी कादंबरी आहे, ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’. २२६ मीटर उंच काँक्रीटचं धरण हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो हे आमच्या डॅम इंजिनिअरिंगच्या सरांनाही माहीत नव्हतं. आता त्यांनी ती लायब्ररीतून नेली आहे आणि चार महिने परत केलेली नाही.

आता मूळ मुद्दा, चालणं. तळेगावला राहायला आल्यावर गोनीदांना किल्ल्यांचं वेड लागलं, का आधीच होतं ते वाढलं, कोण जाणे. तळेगावहून सह्याद्री हाकेच्या अंतरावर. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची सगळे शेजारी. पण त्यांचा जीव राजगडावर आणि रायगडावर. पुन्हा पुन्हा त्याच गडांवर जायचे. एकटे जायचे तसे घोळक्याने जायचे. तरुण मुलं, मित्र, घरची माणसं बरोबर. त्या काळी आजच्यासारखे ट्रेकिंगचे क्लब गल्लोगल्ली नव्हते, रेनकोट घातलेले शंभर जण रांगेत चाललेत असं दृश्य नव्हतं. एसटीने पायथ्याच्या जवळपास पोचायचं आणि पुढे चालत सुटायचं. वर देवळात किंवा गुहेत मुक्काम, टाक्याचं पाणी. एका किल्ल्यावर एक दिवस नाही तर अनेक दिवस राहायचं, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, कुठली वाट कुठे उतरते हे बघत. हे सगळं ‘दुर्गभ्रमणगाथा’त आहे. आमच्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर मराठीतला हा पहिल्या फळीचा ट्रेक ब्लॉग, फक्त फार चांगल्या मराठीत लिहिलेला. कॅमेराही असायचा बरोबर. त्यांनी काढलेले किल्ल्यांचे फोटो पाहण्यासारखे आहेत. त्यात एकाही फोटोत ते स्वतः बुरुजावर हात पसरून उभे नाहीत, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट.

आणि प्रत्येक किल्ल्यावरून ते माणूस घेऊन उतरले. मला हे फार उशिरा लक्षात आलं. राजमाचीवरून ‘माचीवरला बुधा’ आला. हा म्हातारा मुंबईतली नोकरी संपवून, पोराचं घर सोडून माचीवर एकटा राहायला जातो. सोबतीला एक कुत्रा, झाडं, पाखरं. १९५८ चं पुस्तक. त्यात म्हणाल तर काहीच घडत नाही. रायगडावरून ‘रानभुली’ आली. किल्ल्यावर जाऊन बहुतेक लेखकांना राजे आणि सरदार दिसतात. गोनीदांनाही दिसले, ते त्यांनी भरपूर लिहिले. पण त्याच गडाच्या अंगाखांद्यावर आज कोण राहतं, काय खातं, कशाला भितं, हे त्यांना तेवढंच दिसलं.

आणि कर्नाळ्यावरून ‘जैत रे जैत’.

कर्नाळा म्हणजे आमचा घरचा गड. उंची फार नाही, साडेचारशे मीटरच्या आसपास. पण त्याचा तो अंगठा! किल्ल्याच्या माथ्यावर आणखी सव्वाशे फूट उभा असलेला बेसॉल्टचा खांब. पनवेलहून पेणकडे जाताना गाडीच्या खिडकीतून तो दिसत राहतो. त्याच्या पायाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि अंगावर आग्या मोहोळं. खाली १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. लोक पक्षी बघायला येतात, पक्षी लोकांना ऐकून आधीच पळालेले असतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये जातो तेव्हा वर गवत कमरेएवढं असतं, सोनकी पिवळी झालेली असते, तेरडा संपत आलेला असतो. आणि सुळक्याखाली आलं की सगळे आपोआप हळू बोलायला लागतात. अत्तर, डिओ, सिगरेट, धूर, आरडाओरडा सगळं बंद. आग्या मोहोळ उठलं तर तिथून पळायला जागा नाही.

गोनीदांच्या गोष्टीत हा सुळका लिंगोबाचा डोंगर आहे. खालच्या ठाकरवाडीतला नाग्या, भगताचा पोर. त्याला पुण्यवंत व्हायचंय, म्हणजे राणीमाशी दिसेल. आयुष्य नेटकं जगतो, आणि माश्या त्याचा डोळा फोडतात. मग तो देवावर आणि माश्यांवर चिडतो. लिंगोबाचं मोहोळ उतरवायचंच अशी जिद्द धरतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याला साथ देते. तो जिंकतो, पण चिंधी जाते. पुस्तक १९६५ च्या सुमाराचं. त्यावर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये सिनेमा केला. मोहन आगाशे, स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. गाणी सगळ्यांना येतात. आमच्या गॅदरिंगला दरवर्षी एक ग्रुप त्यावर नाचतो, डोक्याला फेटे बांधून. त्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे की हा डोंगर आपल्या कॉलेजच्या गच्चीवरून दिसतो?

मला पुस्तकात धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्यात ठाकर हे ‘बिचारे आदिवासी’ नाहीत. ते हट्टी आहेत, थट्टेखोर आहेत, दारू पिऊन भांडतात, देवाशी वाद घालतात. नाग्याला प्रश्न पडतो, मी वागायला चांगला, मग माझाच डोळा का? हा प्रश्न कुठल्याही मोठ्या पुस्तकातल्या मोठ्या माणसाला पडावा असा आहे. मला वाचताना सतत ती पडवी आठवत होती. कुठला, कुणाचा, आई काय करते. गोनीदांनी अशी माणसं लिहिली ती वरून बघून नव्हे. त्यांनीही असंच कुणाच्या तरी पडवीत बसून भाकरी खाल्ली असणार, फक्त त्यांनी उत्तरं दिली असणार आणि परत प्रश्न विचारले असणार. मी तीन भाकऱ्या खाऊन एकही विचारला नाही.

१९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विदर्भातून पळालेला मुलगा विदर्भात अध्यक्ष म्हणून परत आला, हे मला फिल्मी वाटतं. १ जून १९९८ ला ते गेले. पाव शतक उलटून गेलं, आमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या वेळचे किल्लेही आता राहिले नाहीत. गाड्या वरपर्यंत जातात, रविवारी राजगडाच्या वाटेवर ट्रॅफिक जॅम होतो (माणसांचा), पायथ्याला मिसळ, पिझ्झा आणि कॅम्पिंग मिळतं. यावर रडणारे बरेच आहेत, मी रडणार नाही. पायथ्याच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात हे मी आपट्यात राहून बघतो. फक्त एवढंच की आपण त्या घरांना स्टॉप म्हणायला लागलो.

२०२३ च्या दसऱ्यानंतर आमचे रविवार परत सुरू झाले. सुरू करायचे की नाही यावर टपरीवर जोरदार भांडण झालं. एक बाजू म्हणे, डोंगर सुटले, पावसाने माती सैल झालेली, घरचे सोडणार नाहीत. दुसरी बाजू म्हणे, आता तर जायलाच पाहिजे. मी कुठल्याच बाजूला नव्हतो. मी फक्त ‘जैत रे जैत’ची लायब्ररीची प्रत पुढे केली आणि म्हटलं, जाऊ तर आता नावं विचारत जाऊ. सगळे हसले. एकाने विचारलं, सर्व्हे आहे का? पण आमच्यातली एक मुलगी, मेकॅनिकलची, तिने दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. कव्हरवर काही लिहिलं नाही. तिच्या म्हणण्यानुसार नाव दिलं की प्रोजेक्ट होतो आणि प्रोजेक्ट झाला की कुणी करत नाही. बरोबर आहे तिचं.

वहीत फार काही नाही. तारीख, वाडी, ज्यांच्या घरी पाणी प्यायलो किंवा जेवलो त्यांचं नाव, घरात कोण कोण, मुलं शाळेत जातात का, कितवीला. पावसात मागचा डोंगर कसा वागतो हेही विचारतो, कारण ते आमच्या जिओटेक्निकलच्या पुस्तकापेक्षा त्यांना चांगलं कळतं. कुठे नवी भेग पडली, कुठला झरा अचानक गढूळ झाला, कुठलं झाड वाकलं. दोनदा आम्ही ते लिहून ग्रामपंचायतीत नेऊन दिलं. पुढे काय झालं? एकदा कुणीतरी बघून गेलं. एकदा काहीच नाही. ही वही छापायची नाही आणि नेटवर टाकायची नाही असं ठरलंय, कारण ती त्यांची नावं आहेत.

पहिल्या वर्षी लोक आम्हाला सरकारी समजले. मग एका वाडीत एका म्हाताऱ्या बाबांनी उलट आमचीच नावं विचारली, बारा जणांची बाराही, आणि पुढच्या खेपेला त्यातली नऊ बरोबर सांगितली. मला त्यांनी आपट्याचा म्हणून ओळखलं, माझ्या आजोबांचं भाताचं खाचर कुठे आहे तेही त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना गोनीदांचं पुस्तक दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. मी पडवीत बसून नाग्या पहिल्यांदा सुळक्याकडे बघतो तो भाग वाचून दाखवला. बाबा ऐकत होते, मधेच थांबवून मोहोळ कसं उतरवतात ते सांगायला लागले. धूर कुठून करायचा, दोर कसा, रात्र कुठली निवडायची. पुस्तक बाजूला राहिलं. तासभर गेला, आमची गाडी चुकली, आणि त्या दिवशी टपरीवर सगळ्यांनी मला शिव्या घातल्या.

चौकजवळ सिडकोने इर्शाळवाडीच्या लोकांसाठी नवी घरं बांधली आहेत. सिमेंटची, रांगेत. मी तिथे एकदा गेलो, गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी. नाव माहीत नाही, फोटोही नाही (माझ्या फोटोत फक्त भाकरी आणि माझा हात आहे), तर विचारणार काय? पडवीतल्या चुलीचं वर्णन केलं, घराच्या डाव्या हाताला शेवग्याचं झाड होतं असं सांगितलं. एका बाईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि शेवगा तर सगळ्यांच्याच दारात होता असं सांगितलं. मग आत जाऊन चहा घेऊन आली. काळा. मी तिचं नाव विचारलं आणि वहीत लिहिलं. घरात कोण कोण ते विचारलं नाही.

पुढचा रविवार माणिकगड. सकाळी सहाला वाशिवलीच्या रस्त्यावर भेटायचं, ज्यांना पनवेलहून यायचंय त्यांनी आदल्या रात्री माझ्या घरी आपट्याला यावं. आईने पाच जणांपर्यंत परवानगी दिली आहे, त्यामुळे लवकर सांगा. पाणी दोन लिटर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डिओ नको. ‘जैत रे जैत’ सध्या माझ्याकडे आहे, गुरुवारी लायब्ररीत परत करतोय. ‘माचीवरला बुधा’ कपाटातच असायला हवं.